दोघे पाण्याखाली, विमा पंधरा लाखांचा

कोल्हापूरचे एक वाचक लिहितात: "माझे वय ३७, पत्नीचे ३४, मुलगी ६ वर्षांची. मी कागल एमआयडीसीत नोकरीला असून हातात दरमहा ८८,००० येतात, पत्नी कंत्राटी शिक्षिका आहे, तिला २२,००० मिळतात. गृहकर्ज ३४ लाख शिल्लक, दर साडेआठ टक्के, ईएमआय ३१,०००, घरखर्च ५०,०००, एसआयपी ५,०००. फेब्रुवारीत अंदमानला जाऊन स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, आम्हा दोघांनाही स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर, म्हणजे प्राथमिक प्रमाणपत्राचा, कोर्स करायचा आहे. प्रवास कंपनीने एकूण २ लाख ३५ हजार सांगितले आहेत, त्यात कोर्सचे प्रत्येकी ३५,००० आले. बचत खात्यात ९०,००० आणि एफडी ३ लाखांची आहे. एफडी मोडू, की १२ महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय घेऊ? ईएमआयची मला फार चिंता नाही, कारण मार्च २०२४ मध्ये बँकेतून घेतलेली पॉलिसी दरसाल ३६,००० परत देते. वार्षिक हप्ता दीड लाख, म्हणजे २४ टक्के परतावा, शिवाय १५ लाखांचा विमा आणि करबचत. पुढच्या हप्त्यासाठी दरमहा १२,५०० ची आरडी चालू आहे. पत्नीला लहानपणी दम्याचा त्रास होता, आता नाही. योग्य मार्ग सुचवावा."

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे, ते आधी देतो. दोन्ही नको. २ लाख ३५ हजारांचे बारा भाग केले की महिन्याला सुमारे १९,६०० होतात आणि तुमच्याच आकड्यांनुसार सगळे खर्च, एसआयपी व आरडी वजा जाता हातात अकरा-बारा हजार उरतात. मार्चमध्ये येणारे ३६,००० महिन्याला तीन हजारांची भर घालतात, तरीही दरमहा पाचएक हजारांचा खड्डा राहतो आणि तो क्रेडिट कार्डावरच भरला जाईल. 'नो कॉस्ट' या शब्दांवर तर विश्वासच ठेवू नका. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावले होते. व्याज किमतीत, नाकारलेल्या सवलतीत किंवा प्रक्रिया शुल्कात दडवलेले असते. एफडीबद्दल सांगायचे तर, ईएमआय आणि घरखर्च मिळून तुमचा महिना ८१,००० चा आहे, म्हणजे ३ लाखांत चार महिनेही निघत नाहीत. नोकरी जाणे किंवा घरात आजारपण येणे यासाठी सहा महिन्यांचे, म्हणजे पाच लाखांच्या आसपास, बाजूला हवेत. तेव्हा एफडीला हात लावू नका, उलट ती वाढवायची आहे.

आता जे तुम्ही विचारलेलेच नाही त्याकडे वळतो, कारण पत्रातले सर्वांत महागडे वाक्य सहलीविषयीचे नसून '२४ टक्के परतावा' हे आहे. दीड लाखावर ३६,००० म्हणजे २४ टक्के हा हिशेब पहिल्या वर्षापुरताच जुळतो. दुसऱ्या वर्षी तुमचे ३ लाख गुंतलेले असतात आणि मिळतात तेच ३६,०००, म्हणजे १२ टक्के. दहाव्या वर्षी १५ लाख गुंतलेले असतात आणि तेव्हाही ३६,०००, म्हणजे अडीच टक्क्यांहूनही कमी. यातली सुरुवातीची काही वर्षे तर तुमचेच पैसे पाकीट बदलून तुमच्याकडे परत येत असतात. ज्या रिलेशनशिप मॅनेजरने हा २४ चा आकडा तुम्हाला दाखवला, त्याला ही वजाबाकी येत नव्हती असे मानणे मला जड जाते.

खरा परतावा काढायचा तर पैसे केव्हा गेले आणि केव्हा आले ते सलग मांडावे लागते. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या लाभपत्रकानुसार दहा वर्षे दीड लाख भरायचे, पंचवीस वर्षे दरसाल ३६,००० घ्यायचे आणि शेवटी २१ लाख. भरायचे १५ लाख, मिळायचे ३० लाख, म्हणजे 'दुप्पट', हेही तुम्हाला सांगितले गेले असणार. पण पंचवीस वर्षांत दुप्पट. हा सारा व्यवहार वर्षाला सुमारे साडेचार टक्क्यांवर येऊन थांबतो. त्यातही २१ लाखांचा आकडा लाभपत्रकाच्या ८ टक्क्यांच्या रकान्यातला आहे. अशा पत्रकांत ४ आणि ८ टक्के असे दोन गृहीत दर धरून रकाने छापलेले असतात आणि विक्रेत्याचे बोट नेहमी उजवीकडच्या रकान्यावर असते. त्या रकान्यातले ८ टक्के म्हणजे कंपनीच्या गुंतवणुकीवर खर्च वजा होण्याआधी धरलेला दर, तुमच्या हाती पडणारा नव्हे, आणि बोनसचा भाग हमीचाही नव्हे. म्हणजे साडेचार टक्के हा आशावादी आकडा झाला.

करबचतीचीही तीच गत. तुम्ही वेतनाचा तक्ता पाठवला आहे, त्यावरून तुमचे वार्षिक वेतन १२ लाखांच्या आसपास आहे आणि तुम्ही नव्या करप्रणालीत आहात. २०२५-२६ या वर्षापासून नव्या प्रणालीत प्रमाणित वजावटीसह पावणेतेरा लाखांपर्यंतच्या वेतनावर कर शून्य आहे, आणि त्या प्रणालीत कलम ८०सी ची, म्हणजे विम्याच्या हप्त्यासारख्या गुंतवणुकीवरची, वजावट मुळातच मिळत नाही. जो कर तुम्हाला भरायचाच नाही तो वाचवण्यासाठी दीड लाख भरणे यावर आणखी लिहिण्याची गरज नसावी.

राहता राहिला विमा, आणि माझी खरी काळजी तिथे आहे. कर्ज ३४ लाखांचे आणि विमा १५ लाखांचा. तुमच्या पश्चात ते १५ लाख बँकेत भरले तरी १९ लाखांचे कर्ज उरते आणि २२,००० च्या कंत्राटी पगारावर घर, मुलगी व ईएमआय असे तिन्ही चालायचे. कर्ज फेडून पुढची पंधरा-सोळा वर्षे घर चालेल एवढी रक्कम धरली तर तुम्हाला दीड कोटींचे कवच लागते. ते साध्या मुदत विम्यातून, म्हणजे काही परत न मिळणाऱ्या टर्म प्लॅनमधून, साठाव्या वर्षापर्यंत घ्या. तुमच्या वयाच्या निर्व्यसनी माणसाला वर्षाला साधारण पंचवीस हजार पडतील. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीसोबत जातो, म्हणून तिघांचा स्वतंत्र १० लाखांचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून एकच आरोग्य विमा, घ्या, तेही वीस-पंचवीस हजारांत बसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही गेला आहे. दोन्ही मिळून पन्नास हजार, म्हणजे सध्याच्या हप्त्याचा तिसरा हिस्सा, आणि कवच दहापट.

या दोन्ही अर्जांत काहीही लपवू नका. आयुर्विम्याच्या प्रस्तावात साहसी छंदांविषयी प्रश्न असतो. तिथे स्कूबाचा बेत लिहा, कंपनीने थोडा जादा हप्ता मागितला तर भरा. आरोग्य विम्याच्या अर्जात पत्नीच्या बालपणीच्या दम्याची नोंद करा, जरी 'आता नाही' असे तुम्हाला वाटत असले तरी. 'तिथे नाही लिहून टाका, कोण बघतंय' असे सांगणारा एजंट दावा नाकारला जाताना तुमच्या घरी नसतो.

मग जुन्या पॉलिसीचे काय? तुम्ही दोन हप्ते, म्हणजे ३ लाख, भरले आहेत. ऑक्टोबर २०२४ पूर्वी घेतलेल्या अशा पॉलिसीला दुसऱ्या वर्षी सोडले तर हमीचे सरेंडर मूल्य भरलेल्या हप्त्यांच्या ३० टक्के असते, म्हणजे ९०,०००, आणि त्यातून मिळालेले ३६,००० वजा होतात. हाती ५४,०००. नुकसान २ लाख १० हजार. अंदमानची एक सहल बोटीत पाऊल न टाकता आधीच झाली आहे. दोन वर्षांपूर्वी, फ्री लूकच्या म्हणजे नवी पॉलिसी पाहून परत करता येण्याच्या मुदतीत, हे पत्र आले असते तर जवळपास सगळे पैसे परत मिळाले असते.

एवढे नुकसान दिसले की 'आता भरतच राहू' असे वाटते, आणि त्या मोहाला थोडा आधारही आहे, तो लपवणार नाही. गेलेले पैसे गेलेच असे धरून केवळ यापुढच्या आठ हप्त्यांचा हिशेब केला तर परतावा साडेचारवरून पावणेसहा-सहा टक्क्यांपर्यंत चढतो, कारण सुरुवातीचा मोठा फटका तुम्ही आधीच सोसला आहे. पण तुमच्याच गृहकर्जावर तुम्ही साडेआठ टक्के भरता. एका हाताने साडेआठने कर्ज घेऊन दुसऱ्या हाताने सहाने ठेव ठेवायची आणि त्यासाठी पुढची आठ वर्षे दरसाल दीड लाखाची ओढाताण सोसायची, याला माझी संमती नाही. कंपनीकडून सरेंडर मूल्य आणि पेड-अप मूल्य, म्हणजे पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवल्यास मिळणारी घटलेली रक्कम, असे दोन्ही आकडे लेखी मागवा. काही कंपन्या हमीपेक्षा जास्त 'विशेष' मूल्य देतात आणि पेड-अप ठेवणे कधी कधी परवडते. तिसरा हप्ता मात्र भरू नका. क्रम महत्त्वाचा: आधी मुदत विमा मंजूर होऊन त्याचे कागद हाती येऊ द्या, मगच जुनी पॉलिसी सोडा. वैद्यकीय तपासणीत काही निघाले आणि नवा विमा लांबला तर तेवढ्या काळापुरते का होईना, ते १५ लाख असू देत.

सहलीला माझा विरोध नाही, फेब्रुवारीला आहे. एप्रिलच्या मध्यावर जा; तेव्हाही अंदमानचा समुद्र डायव्हिंगला चांगला असतो, पावसाळा मेच्या उत्तरार्धात लागतो. बचत खात्यातल्या ९०,००० मधून आता दोन्ही विम्यांचे पन्नास हजार भरा, चाळीस उरतील. दरमहा उरणाऱ्या अकरा-बारा हजारांतून एप्रिलपर्यंत पन्नास-साठ हजारांची भर पडेल आणि हप्त्यासाठी चाललेली आरडी तोवर दीड लाखाची होईल. अडीच लाख जमले, कर्ज नाही, एफडी शाबूत. सरेंडरचे पैसे आणि सहलीतून उरेल ते एफडीत टाका, पुढचे चार-पाच महिने उरणारी सगळी रक्कमही तिथेच, म्हणजे पाच लाख पुरे होतील. त्यानंतर सुटलेले १२,५०० कर्जाच्या मुदतपूर्व फेडीकडे आणि एसआयपीकडे निम्मे निम्मे वळवा.

प्रवास कंपनीच्या कार्यक्रमात मात्र तीन गोष्टी खटकल्या. पहिली म्हणजे तुमची मुलगी. ओपन वॉटर काय किंवा एक दिवसाचा अनुभव-डाइव्ह काय, समुद्रात उतरण्यासाठी किमान वय दहा वर्षांचे धरतात. कोर्स तीन-चार दिवस चालतो, आणि त्या वेळी आई-बाबा दोघेही पाण्याखाली असताना सहा वर्षांची मुलगी अनोळखी बेटावर कोणाजवळ बसणार, हे कार्यक्रमात कुठेही लिहिलेले नाही. कोर्स एकानेच करावा, दुसऱ्याने एका सकाळी सहाएक हजारांचा, बारा मीटरच्या आतला अनुभव-डाइव्ह घ्यावा. खर्च २९,००० नी उतरतो.

दुसरी गोष्ट दम्याची. डाइव्ह सेंटरच्या आरोग्य प्रश्नावलीत दम्याचा प्रश्न असतो आणि 'होय' असेल तर डॉक्टरांची लेखी संमती लागते, अनुभव-डाइव्हलाही. ही औपचारिकता समजू नका. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथून वर येताना फुप्फुसातली हवा दुपटीने फुगते, आणि आकसलेल्या श्वासनलिकेमागे ती अडकली तर फुप्फुस फाटू शकते. डॉक्टरांची सही पैसे परत न मिळणाऱ्या तिकिटांच्या आधी घ्यायची, नंतर नव्हे. त्यासोबत दोघांनीही स्वराज द्वीपाचा राधानगर किनारा गाठण्याआधी राधानगरीमार्गे फोंडा घाट उतरून तारकर्ली गाठावे. तिथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. पाणी अंदमानइतके नितळ नाही, पण तोंडाने श्वास घेत खाली राहणे जमते का, कानाचा दाब सोसतो का, हे दहा-बारा हजारांत शनिवार-रविवारी कळते. न जमल्यास ३५,००० वाचतात.

तिसरी गोष्ट परतीच्या विमानाची. कार्यक्रमात शेवटचा डाइव्ह दुपारी दोनला संपतो, संध्याकाळची बोट आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला श्री विजयपुरमहून, म्हणजे पोर्ट ब्लेअरहून, विमान आहे. हे अंतर सतरा तासांचे भरते. अनेक दिवस डायव्हिंग केल्यानंतर विमानात बसण्याआधी किमान अठरा तास जाऊ द्यावेत, असे डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचे मार्गदर्शन आहे, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. एक रात्र वाढवा, सहाएक हजार जातील. एकूण खर्च तरीही २ लाख १० हजारांच्या आसपासच राहील. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींतला साहसी खेळांचा अपवाद व्यावसायिक सहभागापुरता आहे, त्यामुळे हौशी पर्यटक म्हणून तुम्ही त्यात येत नाही. पण प्रवास विम्याच्या अटी वेगळ्या असतात, त्यात स्कूबा आणि बेटावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरला आहे का ते पाहूनच तो घ्या.

मुदत विम्याचा अर्ज या आठवड्यात भरा. पॉलिसीचे दोन्ही आकडे लेखी आले की ते मला पाठवा. पेड-अप की सरेंडर हे त्यावरून ठरवू.