नव्या नोकरीत फिट येत असल्याचं सांगावं का?

मला फिट येते हे नव्या नोकरीत सांगावं का, कळल्यावर लोक लांब पळतील का, असं तुम्ही विचारलंय. सांगा. सगळ्यांना नको, रोज शेजारी बसणारे दोघं-तिघं पुरेत.

मी नऊ वर्षं लपवलं. कुणी विचारलं तर "चक्कर येते" म्हणायचं, असं घरून शिकवलेलं. मग एक दिवस कामावरच फिट आली. शुद्धीवर आले तर तोंडात रक्त आणि पुढचा एक दात तुटलेला. जीभ घशात जाऊ नये म्हणून एका बाईंनी दातांत चमचा घातला होता. तासाभरानंतरही त्यांचे हात थरथरत होते. त्यांच्यावर राग धरणं मला जमलंच नाही. समोर माणूस तडफडतोय आणि करायचं काय ते ठाऊक नाही, मग लोक घाबरणारच. पुढे याच भीतीपोटी ते आपल्याला टाळू लागतात.

म्हणून "मला अपस्मार आहे" एवढ्यावर थांबू नका, त्या वेळी काय करायचं तेही सांगा. मी सांगते ते असं: मेंदूतल्या पेशींचे विजेचे संदेश थोडा वेळ बेताल होतात, आणि फिट बहुतेकदा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते. टोकदार सामान बाजूला सरकवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, घड्याळ बघा. दाबून धरू नका. तोंडात काहीही घालू नका, जीभ कुणी गिळत नाही. झटके थांबले की कुशीवर वळवा आणि पूर्ण भानावर येईपर्यंत जवळ थांबा. तोवर पाणीसुद्धा नको. पाच मिनिटं उलटली, किंवा शुद्ध न येताच दुसरी फिट आली, तर रुग्णवाहिका बोलवा.

लोक मग मोकळेपणाने विचारतात. संसर्ग होतो का? नाही. देवाचा कोप आहे का? हा मेंदूचा आजार आहे हे ग्रीक वैद्यांनी सुमारे २४०० वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. जगात सुमारे ५ कोटी लोकांना तो आहे, आणि नीट उपचार मिळाले तर १०० पैकी ७० जणांपर्यंत लोक फिटविना जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

एक सहकारी जागा बदलून लांब बसला, हेही खरं. पण पुढच्या वेळी डोळे उघडले तेव्हा मी कुशीवर होते, डोक्याखाली कुणाचं तरी जॅकेट होतं, आणि त्याच बाई म्हणाल्या, "एक मिनिट पन्नास सेकंद. मी मोजत होते."

काम वाहन चालवण्याचं, उंचीवरचं किंवा यंत्रावरचं असेल तर मात्र रुजू होण्याआधीच डॉक्टरांशी बोला. तिथे लपवणं जिवावर बेतू शकतं.