श्रावणबाळ योजना: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. शेतमजुरी आता त्यांच्याने होत नाही. आमचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत नाही. त्यांना मासिक निवृत्तिवेतन मिळेल का?

यादीत नाव नाही म्हणून अनेक वृद्ध अर्जच करत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांचे दोन गट आहेत. यादीत नाव असलेल्यांना केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचे २०० रुपये (वयाच्या ८० वर्षांपासून ५०० रुपये) मिळतात आणि उरलेली रक्कम राज्य शासन देते. यादीत नाव नसलेले, पण ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आहे असे अर्जदार दुसऱ्या गटात बसतात आणि त्यांची पूर्ण रक्कम राज्यच देते. दोन्ही गटांना मिळणारी रक्कम सारखीच आहे: पूर्वी ती दरमहा १,००० रुपये होती, २०२३ मध्ये ती १,५०० रुपये झाली. अर्जदार किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो.

वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. ही मर्यादा आजच्या महागाईत अन्यायकारक आहे आणि ती वाढायलाच हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर मात्र तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाच निर्णायक ठरतो. म्हणून तलाठ्यांच्या चौकशीच्या वेळी वडिलांना वर्षातून किती दिवस काम मिळते आणि घरात दुसरे कोण कमावते, हे नीट सांगावे.

प्रश्न: आई कधी शाळेत गेली नाही आणि तिच्या जन्माची नोंदही नाही. वय कसे सिद्ध करावे?

शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मनोंदवहीतील उतारा नसेल, तर शिधापत्रिकेत अथवा मतदार यादीत नमूद केलेले वय चालते. तेही नसेल, तर ग्रामीण किंवा नागरी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडून वयाचा दाखला घेता येतो.

प्रश्न: मी ६१ वर्षांची विधवा असून मला कोणताही आधार नाही. ६५ वर्षांची होईपर्यंत थांबावे लागेल का?

थांबू नका. ६५ वर्षांखालील निराधार विधवांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे आणि तिथेही उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपयेच आहे. पतीच्या मृत्यूचा दाखला जोडून तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत अर्ज द्यावा.

प्रश्न: निवृत्तिवेतन मंजूर आहे, पण काही महिन्यांपासून खात्यात पैसेच येत नाहीत.

आधी दोन गोष्टी तपासा. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. तो राहून गेला असेल, तर वेतन थांबते. दुसरे कारण आधारजोडणीचे असू शकते. रक्कम आता थेट लाभ हस्तांतरणाने जमा होते आणि ती पासबुकावर आधार क्रमांक नोंदवलेल्या प्रत्येक खात्यात जात नाही, तर थेट लाभासाठी शेवटी ज्या खात्याला आधार जोडला असेल, त्याच खात्यात जाते. मधल्या काळात दुसऱ्या बँकेत खाते उघडले असेल, तर पैसे नकळत तिकडे जमा झालेले असू शकतात. म्हणून त्या बँकेतही चौकशी करावी.

प्रश्न: अर्ज देऊन बरेच महिने झाले. विचारले की ‘समितीपुढे आहे’ एवढेच सांगतात.

तोंडी विचारणा आता थांबवून लेखी अर्जाने माहिती मागा. अर्ज देताना घेतलेली पोच जोडून माहितीच्या अधिकाराखाली तीन गोष्टी विचारा: अर्ज कोणत्या तारखेला समितीपुढे ठेवला, काय निर्णय झाला आणि नामंजूर झाला असल्यास कोणत्या कारणाने. २००५ च्या या कायद्यानुसार ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. शुल्क १० रुपये असून दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना तेही माफ आहे. कारण कागदाचे असेल, म्हणजे एखादा दाखला जुना झाला असेल किंवा नावात फरक असेल, तर दुरुस्ती करून पुन्हा अर्ज करता येतो आणि या वेळी पोचेवर तारीख व शिक्का आहे, हे पाहूनच कार्यालय सोडावे.