मोखाड्याला पहिल्यांदा जाताना

बाळा, दादरहून पहाटेची कसारा लोकल धर, पुढे खोडाळ्यामार्गे मोखाडा. जुलैत आवणी म्हणजे भातलावणी असते, तिथल्या चर्चचे पाळक स्वतः चिखलात उभे असतात. तेव्हा गेलास तर रोपं लावायला हात लाव, भाषण करू नकोस. उपासना त्यांनाच चालवू दे. पहिल्या वर्षी मीच तासभर बोलत बसलो, त्याची खंत आजही आहे. माझं पुस्तकी मराठी म्हाताऱ्यांच्या डोक्यावरून गेलं. मग पाळकांनी तेच वचन वारलीत सांगितलं आणि मागे बसलेली आजी पदराने डोळे पुसू लागली. १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनाही आधी मराठी शिकावी लागलीच ना? आणि मदतीचे पैसे कुणा एकाच्या हातात नकोत. मंडळीच्या पंचांसमोर दे, वहीत लिहून घे.