छाटणीविना माजलेली द्राक्षवेल पुन्हा घडावर कशी आणावी?

प्रश्न : अंगणातल्या मंडपावर जुनी द्राक्षवेल आहे. चार-पाच वर्षे छाटणी झालेली नाही. नुसता पाला वाढतो, घड लागले तरी बारीक, वर भुरी (पांढरी पिठासारखी बुरशी). वेल काढून टाकावी का?

उत्तर : एवढ्यात नको. खोडाची सुटी साल काढून चाकूने थोडे खरवडून पाहा. आत हिरवट, ओलसर दिसले तर वेल सुधारते.

द्राक्षाचा घड जुन्या जाड लाकडावर लागत नाही. गेल्या हंगामातल्या तपकिरी काडीचा डोळा (कळी) फुटतो आणि त्या नव्या फुटीवर घड येतो. छाटणी चुकत गेली की अशा काड्या मंडपाच्या टोकाला सरकतात आणि खाली उघडे लाकूड उरते. बहुतेक जण भीतभीत शेंडे छाटतात, त्याने गर्दी आणखी वाढते. गेल्या हंगामाच्या वाढीपैकी ८५ ते ९० टक्के काढावी लागते. मन घट्ट करा.

थंडीत पानगळ होते तिथे हिवाळ्याच्या शेवटी, डोळे फुगण्याआधी छाटा. उशीर होऊन कापातून पाणी टपकले तरी वेल मरत नाही. उष्ण हवामानात वर्षातून दोन छाटण्या होतात. तिथे ही दुरुस्ती एप्रिलच्या खरड छाटणीत (नव्या काड्या वाढवण्यासाठीच्या) करा, ऑक्टोबरच्या फळछाटणीत (घडांसाठीच्या) नव्हे.

आधी वाळलेले आणि एकमेकांवर चढलेले काढा. जाड ओलांडे (खोडातून मंडपावर पसरलेल्या कायमच्या फांद्या) मात्र सगळे एकदम तोडू नका. यंदा निम्मे, उरलेले पुढच्या वर्षी. बुंध्याजवळ जोमदार फूट आली असेल तर ती काठीला बांधून वाढवा, पुढे तेच नवे खोड. वेल कलमी असेल तर ही फूट सांध्याच्या वरचीच हवी, खालची खुंटाची, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधले त्या वेलीची असते. राखलेल्या ओलांड्यावर साधारण वीतभर अंतराने पेन्सिलीएवढी काडी धरा आणि दोन डोळ्यांवर कापा.

जाड काप कोरड्या दिवशी घ्या. लाकूड कापापासून आत वाळत जाते, म्हणून खोडाला चिकटून न कापता दोन-तीन सेंटिमीटर खुंटी ठेवा. कापात पाचरीच्या आकाराचा काळपट डाग दिसला तर तो खोडाचा बुरशीजन्य रोग. स्वच्छ लाकूड लागेपर्यंत मागे कापत जा, तुकडे जाळा, कात्री निर्जंतुक करा. जखमेवर बोर्डो पेस्ट लावा : १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. प्लास्टिकच्या भांड्यातच कालवा.

एवढ्या छाटणीनंतर फूट जोरात येते, म्हणून यंदा नत्रखत देऊ नका. जुन्या लाकडातून आलेल्या फुटी पहिल्या वर्षी बहुधा वांझ असतात. गर्दी करणाऱ्या कोवळ्या असतानाच हाताने मोडा. हवा खेळली की भुरी निम्मी आटोक्यात येते. उरलेल्या भुरीवर पाण्यात विरघळणारे गंधक फवारा, पण कडक उन्हात नको, पाने करपतात. यंदा घड आलेच तर एका फुटीवर एकच ठेवा, आणि नव्या खोडावरचे सगळे खुडून टाका.