आधी हिशेब, मग अर्ज

चि. — यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. विद्यापीठाचा संशोधन कक्ष अंगावर पडला, कुलगुरूंनी वर्षभरात प्रकल्पांचे अर्ज दुप्पट करायला सांगितलं, आणि आता प्रस्ताव कसा लिहावा याची कार्यशाळा घेऊ, बाहेरचा सल्लागार आणू, की सगळ्यांना काम सुरू करण्यापुरतं थोडं थोडं बीजभांडवल वाटू, असं तू विचारतोस. निदान पहिले सहा महिने यातलं काहीच करू नकोस. कपाट उघड आणि चालू प्रकल्पांच्या फायली बाहेर काढ. आधी हिशेब, मग अर्ज.

पैसा मिळत नाही ही आपली जुनी रड. मंजूर झालेला पैसा वाटेत कुठे अडकतो, हे मात्र कुणी बघत नाही. तीन वर्षांच्या प्रकल्पाचे पैसे एकदम येत नाहीत. पहिला हप्ता येतो, आणि त्याची यूसी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, खर्चाच्या विवरणासह गेल्याशिवाय दुसरा सुटत नाही. ती एप्रिलमध्ये जायला हवी. जाते कधी, तर गणपतीची चवथ आटोपून माणसं गावाहून परतली की. पैसे देणाऱ्या संस्थेने एक त्रुटी काढली की नोव्हेंबर उजाडतो. तोवर रसायनं संपलेली, जेआरएफची, म्हणजे प्रकल्पावरच्या कनिष्ठ संशोधकाची, छात्रवृत्ती थकलेली, आणि पोरगा दुसरीकडे नोकरीला लागलेला. या अवस्थेत आणखी दहा अर्ज मंजूर करून घेतलेस, तर आणखी दहा यूसी तुंबतील, एवढंच.

यूसीचा नमुना म्हणजे केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधला फॉर्म १२-अ. भांडवली खर्चाची, म्हणजे यंत्रांची, वेगळी कर, आवर्तीची, म्हणजे छात्रवृत्ती-रसायनांची, वेगळी. ती परत येण्याची कारणं वर्षानुवर्षं तीच आहेत. गेल्या वर्षीची अखेरची शिल्लक आणि यंदाची आरंभीची शिल्लक जुळत नाही, कारण मागची यूसी लेखापरीक्षणाआधी गेली होती आणि नंतर बदललेला आकडा कळवायचा राहिला. व्याज दाखवलेलं नसतं. नियम २३० प्रमाणे अनुदानावरचं व्याज भारताच्या संचित निधीत भरावं लागतं, पण पाच प्रकल्प एकाच बचत खात्यात कोंबले की कुणाचं व्याज किती, हे बँकेलाही सांगता येत नाही. तिसरं कारण, मनुष्यबळाच्या शीर्षात, म्हणजे त्या सदराखाली, उरलेले पैसे प्राध्यापकांनी परवानगी न घेता काचसामानावर घातलेले. चोरी कुणीच करत नाही रे, पण कागदावर तो नियमभंगच दिसतो. शिवाय आता बऱ्याच योजनांत पैसे आपल्या खात्यात येतच नाहीत. शून्य शिल्लक खात्यावर खर्चाची मर्यादा मिळते, आणि न वापरलेली मर्यादा ३१ मार्चला जाते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बिलं घेऊन धावणाऱ्यांची दया करू नकोस, जानेवारीत त्यांच्या दारात जा.

म्हणून पहिलं काम तक्त्याचं. एक प्रकल्प, एक ओळ. मंजुरीपत्राचा क्रमांक आणि तारीख, शीर्षनिहाय मंजूर रक्कम, आलेले हप्ते, झालेला खर्च, आणि त्याच्या शेजारी एक रकाना जो मला कुठल्याही तयार नमुन्यात सापडलेला नाही: बांधलेली रक्कम. ऑर्डर गेली, बिल आलं नाही, असा पैसा. उपभोग्य वस्तूंना ३ लाख मंजूर आहेत. लेखा विभागात १ लाख ४० हजार खर्च दिसतो. प्राध्यापक म्हणतात, अजून १ लाख ६० हजार आहेत. पण १ लाख १० हजारांच्या ऑर्डरी बाहेर आहेत, तेव्हा हातात खरे ५० हजार. प्राध्यापक आणि लेखापाल यांच्यातली निम्मी भांडणं या एका रकान्याने मिटतात. तो दर शुक्रवारी भर. महिन्यातून एकदा भरायचा म्हटलंस की तो भरला जात नाही.

तुला हे कारकुनी वाटेल. वाटू दे. मलाही लोक अडवणूक करणारा म्हणत आले, आणि त्यात काही तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. फाइल नुसती परत पाठवण्याऐवजी शेजारी बसून ती भरून द्यायला हवी होती, हे फार उशिरा उमगलं. पण फाइल परत पाठवली ती चूक होती, हे मला आजही मान्य नाही. आधी हिशेब, मग अर्ज.

आता उपकरणांचं. संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर फक्त ५ टक्के जीएसटी भरण्याची सवलत होती, ती १८ जुलै २०२२ पासून गेली. तरी जुन्या प्रस्तावातलं अंदाजपत्रक जसंच्या तसं उतरवणारे भेटतातच. २० लाखांच्या उपकरणाला ५ टक्क्यांनी २१ लाख लागतात, १८ टक्क्यांनी २३ लाख ६० हजार. मधले २ लाख ६० हजार कोण देणार? शिवाय कोटेशनची मुदत साधारण तीन महिने, आणि मंजुरी येते आठ-दहा महिन्यांनी. तोवर डॉलर हललेला असतो. कोटेशनवर थोडी वाढ धरूनच रक्कम माग, आणि ती का धरली हे समर्थनात एका ओळीत लिही. आयातीची ऑर्डर सप्टेंबरअखेर गेली नाही तर त्या आर्थिक वर्षात तिची आशा सोड. क्रेडिट पत्र, जहाज किंवा विमान, कस्टम्स, मग बसवणी, आणि बसवणीचा दाखला असल्याशिवाय शेवटचं बिल निघत नाही. जीईएमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर, वस्तू नसेल तर ती तिथे उपलब्ध नाही हा अहवाल त्याच दिवशी काढून फायलीला लाव. दोन वर्षांनी लेखापरीक्षक मागतील तेव्हा तो निघत नाही.

आणि आपली गोव्याची हवा! एफटीआयआर, म्हणजे अवरक्त किरणांनी पदार्थ तपासणारं यंत्र, त्याच्या आत पोटॅशियम ब्रोमाइडची काच असते, ती दमट हवेत धुरकट होते. जूनपासून चार महिने समुद्रकाठच्या इमारतीत ती काच काय सोसते बघ. चवथीच्या सुट्टीत वीज ट्रिप झाली, एसी बंद पडला, चार दिवसांनी दार उघडलं, संपलं. डीह्युमिडिफायर, यूपीएस, आतली ओलावा शोषणारी पुडी बदलण्याचा खर्च, वॉरंटीनंतरचा देखभाल करार, हे सगळं प्रस्तावातच माग. ‘नंतर विद्यापीठ बघेल’ म्हणणाऱ्या प्राध्यापकाकडून ते विद्यापीठाच्या सहीनिशी लिहून आण, बघू कोण सही करतं. प्रत्येक यंत्राजवळ वापराची वही ठेव आणि बाहेरच्यांना दर लाव. पण तेच यंत्र दोना पावलाच्या एनआयओत (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत) किंवा वास्कोच्या एनसीपीओआरमध्ये (ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात) वापरायला मिळत असेल, तर नवीन घेण्याआधी दोनदा विचार कर.

क्षेत्रकामाचंही तेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, तेव्हा भाड्याचा ट्रॉलर धरून चालू नकोस. हप्ता मेअखेर आला तर समुद्रातल्या नमुन्यांचा पहिला हंगाम गेलाच. अभयारण्यात जायचं असेल तर वन खात्याची परवानगी मंजुरीची वाट न बघता मागून ठेव.

तुला कुलगुरूंकडे एकच गोष्ट मागायची असेल तर फिरता निधी माग. जेआरएफची छात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, घरभाडं वेगळं. वीस जण आणि चार महिने धरले तर २९ लाख ६० हजार. एवढी रक्कम बाजूला असली की हप्ता लांबला तरी पोरांचे पैसे थांबत नाहीत, आणि हप्ता आला की ती परत जागेवर येते. फक्त मंजुरीच्या तारखेआधीचा खर्च कुणी धरत नाही, तेवढं सांभाळ. वित्त समिती विचारेल, परत येईल याची हमी काय? तेव्हा तो तक्ता पुढे सरकव.

दुसरं मागणं जमलं तर ओव्हरहेडचं. प्रकल्पाबरोबर संस्थेसाठी येणारी ती रक्कम सामान्य निधीत मिसळते आणि कुणाच्या तरी खिडक्यांचा रंग होऊन जाते. निम्मी कक्षाकडे घे. त्यातून प्रकल्पांचंच काम करणारा एक लेखापाल आणि खरेदी कळणारा एक माणूस नेम. सल्लागारापेक्षा स्वस्त पडतात आणि टिकून राहतात.

सहा महिन्यांनंतर बीजभांडवल दे, पण एकेकाला लाख-दोन लाखच, एका वर्षाच्या मुदतीने, आणि यूसी त्याच १२-अ नमुन्यात घे. नव्या प्राध्यापकाला हिशेब शिकवायला याहून स्वस्त शिकवणी नाही. मराठी, कोंकणी, इतिहास विभागांना विसरू नकोस. त्यांना यंत्रं नकोत. पुराभिलेखागारात महिनाभर बसायला प्रवासखर्च, पोर्तुगीज वाचणारा सहायक आणि एक बरा स्कॅनर लागतो. सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला पैसे देणाऱ्या आयसीएसएसआरचे अर्ज त्यांच्यातल्या किती जणांनी पाहिले आहेत, विचार एकदा.

अर्जांबद्दल थोडकंच. विज्ञान प्रकल्पांना पैसे देणारं केंद्राचं मंडळ एसईआरबी आता २०२३ च्या कायद्याने आलेल्या एएनआरएफ या नव्या संस्थेत विलीन झालं आहे. जुने नमुने संगणकावरून पुसून टाक, नाहीतर कुणीतरी तेच भरणार. अंतिम तारखेच्या दहा कामाचे दिवस आधी अंदाजपत्रक लेखापालाच्या नजरेखालून गेलंच पाहिजे. नाही गेलं तर कुलसचिवांची सही नाही. ओरड होईल. होऊ दे. आधी हिशेब, मग अर्ज.

तक्ता एक्सेलमध्ये कर, सॉफ्टवेअरच्या मागे लागू नकोस. ज्या फायलीत मंजुरीपत्राची प्रतच नसेल ती वेगळी काढ, अशा चार-पाच तरी निघतील. निघाल्या की मला फोन कर, कुलगुरूंना काय सांगायचं ते मग ठरवू.

तुझा,
सर