वहीतलं इंग्रजी आणि तोंडातलं इंग्रजी

"मॅडम, लिहायला सांगा, पानभर लिहितो. बोलायचं म्हटलं की घसाच कोरडा पडतो." मराठी माध्यमातून आलेली किती मुलं हे सांगतात! हा मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. मुलाखतीच्या सरावात 'डिटर्मिन'ला 'डिटरमाइन' म्हणाला, वर्ग हसला, आणि त्यानंतर त्याने इंग्रजीत तोंड उघडलं नाही.

त्याने स्वतःची ओळख देवनागरीत लिहून घोकली होती. कॉलेजात सांगितलं होतं, ही सवय सोड. मी म्हटलं, सोडू नकोस, नीट कर. आपल्याकडे ॲ आहे, ऑ आहे. 'वेट' आणि 'व्हेट' वेगळे लिहिता येतात. फक्त 'व्ह' म्हणताना त्यातला ह काढायचा आणि वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे. 'व'ला ओठांचा चंबू. त्याची खरी अडचण वेगळीच होती. तो कानाने ऐकलेलं लिहीत नव्हता, स्पेलिंग देवनागरीत उतरवत होता. 'डिटर्मिन'चं 'डिटरमाइन' होतं ते असं.

मग शब्दकोशातली ध्वनिलिपी, म्हणजे उच्चार दाखवणारी चिन्हं, काढली. ती बघून तो बिचकला. खरं तर ही लिपी वर्गासाठीच जन्मली: १८८६ साली पॅरिसमध्ये पॉल पासी आणि इतर भाषाशिक्षकांनी संघटना काढली, त्यातून ती आली. सगळी चिन्हं पाठ करायची गरज नाही. त्याला दोनच दिली: उलटा इंग्रजी 'e', म्हणजे आपल्या अ-सारखा पुसट स्वर, आणि शब्दात जोर जिथे द्यायचा त्याआधीची छोटी उभी रेघ. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या जोराने म्हणतो, म्हणून ही रेघ फार कामाची. त्याच्या प्रोजेक्टमधले कंपोनंट, इक्विपमेंट, डेव्हलपमेंट हे शब्द काढले. तिन्हींत जोर उच्चाराच्या दुसऱ्या तुकड्यावर. त्याच्या 'कॉम्पोनंट'मधला 'कॉ' पुसट झाला, 'पो' ठळक झाला. शब्दकोशातला आवाज ऐकायचा, फोनवर आपला रेकॉर्ड करायचा, पुन्हा ऐकायचा. स्वतःचा आवाज ऐकायला पहिल्यांदा त्याला फार लाज वाटली. ती वाटतेच.

पाठ केलेली ओळख मात्र बंद केली. वहीत सुटे शब्दच लिहायचे. वाक्य दर वेळी नवं. आधी माझ्यासमोर, मग खोलीतल्या मित्रासमोर, वर्गासमोर सगळ्यात शेवटी.

त्याचं बोलणं अजून मराठी वळणाचंच आहे. 'र' ठसठशीत येतो, येऊ दे. समोरच्याला शब्द कळला की झालं. सध्या आयत्या वेळच्या प्रश्नांचा सराव चालू आहे. तिथे वही उघडायला सवड नसते.