एलएम-25 या सिलिकॉनवाल्या ॲल्युमिनियमची पंप हाउसिंग लीक होतात. ग्रेन बारीक करायला अल्ट्रासॉनिक मशीन घ्यावं का? छोटी ग्रॅव्हिटी डाय फाउंड्री आहे (धातू लोखंडी साच्यात नुसता ओतायचा), मुंबईतच.

अल्ट्रासॉनिकने, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या जलद कंपनांनी, ग्रेन, म्हणजे धातूतले स्फटिक, बारीक होतात, त्यात वाद नाही. सोव्हिएत काळात मॉस्कोत जॉर्जी एस्किन यांनी या एका विषयावर आयुष्य घातलं, पुढे लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात दिमित्री एस्किन यांनी ते काम चालू ठेवलं. तेव्हा हे थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही ग्रेन आणि लीकेज एका दमात विचारलंत आणि माझी जुनी ठसठस वर आली, म्हणून लांबण लागणार.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात मी क्वालिटी बघायचो. माल तुमचाच, एलएम-25. पावसाळा लागला की लीक टेस्टच्या टाकीत बुडबुडे सुरू. मी घसा कोरडा करून सांगत होतो की हा गॅस आहे. इंगॉट दाराशी पागोळ्यांखाली, फ्लक्सचं पोतं उघडं, आणि जुलैची हवा तर पिळून घ्यावी अशी. वितळलेलं ॲल्युमिनियम पाण्याची वाफ फोडतं, ऑक्सिजन धरून ठेवतं आणि हायड्रोजन पोटात घेतं. गोठताना तो सोडावा लागतो, की झालं पिनहोल. मालकांचा पुतण्या नुकताच इंजिनिअर होऊन आलेला. त्याचं म्हणणं, 'ग्रेन मोठे आहेत, तुमचं शास्त्र जुनं झालं.'

त्याने क्लीनिंग टँक बनवणाऱ्या एकाकडून 40 किलोहर्ट्झचा ट्रान्सड्युसर, म्हणजे विजेतून कंपनं काढणारा भाग, आणला, त्याला माइल्ड स्टीलचा गज जोडला आणि दिला मुशीत बुडवून. गज बाहेर आला तेव्हा टोक तासलेल्या पेन्सिलीसारखं झालेलं. ते लोखंड गेलं कुठे? मालात. एलएम-25 ला 0.5 टक्क्यापर्यंत लोखंड चालतं, धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोचा आकडा त्याच्या वर गेला. जास्तीचं लोखंड सिलिकॉनला धरून सुयांसारखे फेज बनवतं, त्या सुया धातूची वाट अडवतात, आणि मग लीकेज वाढणार की कमी होणार?

पण त्याने मालकांपुढे ठेवले ते ग्रेन दिसावेत म्हणून ॲसिडने एच केलेले दोन तुकडे. एकावर 'आधी', एकावर 'नंतर', मार्कर पेनने. नंतरचा खरोखरच बारीक होता. मी हातात घेऊन उलटा केला. 'आधी'च्या कडेला बोल्टच्या भोकाची गोलाई होती, म्हणजे तो बॉसमधून, बोल्टभोवतीच्या जाड उंचवट्यातून, कापलेला. 'नंतर'चा फ्लँजच्या पातळ भिंतीतला. पातळ भाग पटकन गोठतो, तिथे ग्रेनही बारीक आणि डेंड्राइटच्या, म्हणजे झाडासारख्या वाढणाऱ्या स्फटिकांच्या, फांद्याही जवळजवळ. त्याला अल्ट्रासॉनिक कशाला हवं? मी हे बोललो, मालकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि चहा मागवला. पुतण्या ना शेवटी.

आता तुमचं. खरं काम 20 किलोहर्ट्झच्या आसपास चालतं, हॉर्न, म्हणजे कंपनं धातूत पोचवणारी दांडी, ट्यून केलेला असतो आणि धातूत कॅव्हिटेशन व्हावंच लागतं. बारीक पोकळ्या उघडतात आणि कोसळतात. त्या धक्क्याने ऑक्साइडचे निरुपयोगी कण धातूने ओले होऊन बीजाचं काम करू लागतात, आणि गोठायला लागलेल्या डेंड्राइटचे तुकडे मोडून प्रवाहाबरोबर पसरतात. दुसरा फायदा, डेंड्राइट मोडण्याचा, हवा तर लिक्विडसच्या, म्हणजे धातू गोठायला लागतो त्या तापमानाच्या, जवळपास आणि खाली काम करावं लागतं. एलएम-25 चा लिक्विडस साधारण 615 अंश. तुम्ही 720 ला ढवळून डायमध्ये ओतणार असाल तर त्यातलं फारसं हाती लागत नाही. शिवाय 7 टक्के सिलिकॉनच्या मालात एकूण गुण ठरतो तो फांद्यांमधल्या अंतरावर, म्हणजे गोठण्याच्या वेगावर, युटेक्टिक सिलिकॉनच्या, म्हणजे शेवटी गोठणाऱ्या भागातल्या सिलिकॉन कणांच्या, आकारावर आणि पोरॉसिटीवर, म्हणजे आतल्या छिद्रांवर. ग्रेनचा नंबर त्यांच्या मागे.

मजा अशी की हेच यंत्र गॅस काढायला चांगलं आहे. हायड्रोजन त्या पोकळ्यांत शिरतो आणि वर येतो. म्हणजे पुतण्याने नीट मशीन आणलं असतं तर लीकेज कमी झालं असतं, आणि श्रेय ग्रेनला गेलं असतं. तरी तुम्ही आधी इंगॉट वाळवा, फ्लक्स झाकून ठेवा, आर्गॉनचा रोटरी डीगॅसर (फिरत्या दांड्यातून आर्गॉनचे बुडबुडे सोडून गॅस काढणारा) लावा आणि व्हॅक्यूमखाली नमुना गोठवून रोज बघा. ग्रेनसाठी टायटॅनियम-बोरॉनची कांडी स्वस्त आहे, पण इतक्या सिलिकॉनमध्ये नेहमीची 5-1 ची (5 टक्के टायटॅनियम, 1 टक्का बोरॉन) कांडी मंदावते, बोरॉन जास्त असलेली मागा. आणि टाकून तासन्‌तास मूस धरून ठेवू नका, बोराइड जड असतं, तळाला बसतं.

हे सगळं छोट्या डाय कास्टिंगपुरतं. बिलेट, म्हणजे पुढे दाबून घडवायचे लांब ठोकळे, ओतत असाल, किंवा झर्कोनियम असलेला माल असेल, तर हिशोब वेगळा, तिथे अल्ट्रासॉनिकची ताकद दिसते. मूस मोठी असेल तर एका हॉर्नचा प्रभाव हॉर्नच्या आजूबाजूलाच राहतो. हॉर्न टायटॅनियमचा घेतलात तर तो झिजणार, नायोबियमचा महाग. आणि कुठलाही हॉर्न तापवल्याशिवाय धातूत घालू नका. ओला असेल तर भडका उडेल, थंड असेल तर धातूच गोठवेल.

डेमो घेणारच असाल तर एकाच मुशीतून, एकाच तापमानाला, एकाच बॉसमधून तीन तुकडे कापून मागा: हॉर्नशिवाय, हॉर्न बुडवून पण बंद ठेवून, आणि चालू करून. मधला कशाला? नुसत्या हॉर्नच्या गारव्यानेही ग्रेन बारीक होतात. मधल्या तुकड्याला विक्रेता कां-कूं करू लागला तर त्याला घाटकोपरच्या मेट्रोत बसवून द्या.